चेहरा म्हणजे तवा नाही

"जोरात घास गो. पैसे दिल्यात ना."

माझ्या खुर्चीत बसलेल्या बहुतेक बायकांचं हे पहिलं वाक्य असतं. महाडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. दोन खुर्च्या, वाफेचं मशीन, मोठा आरसा आणि भिंतीवर माझ्या हाताने लिहिलेलं एक पत्रक. पत्रकाचं शीर्षक तेच, जे या लेखाला दिलं आहे. बाई आत येते, पत्रक वाचते, मान डोलावते, खुर्चीत मागे रेलते आणि डोळे मिटून म्हणते, जोरात घास.

बायकांना दोष देऊन उपयोग नाही. आमच्याकडे आंघोळ म्हणजे घासणं. टाचेला वजरी, पाठीला घोसाळ्याची वाळकी जाळी, दिवाळीत सगळ्या अंगाला उटणं. मळाच्या वळ्या निघाल्या नाहीत तर आंघोळ झाली असं कोणी मानत नाही. बिरवाडीच्या पारूआत्या पहिल्यांदा आल्या त्या पिशवीतून स्वतःची जाळी घेऊनच. तुझी ती पेस्ट लाव, पण घासायचं ह्याने, असा हुकूम. मी जाळी परत पिशवीत ठेवायला लावली. बारीक दाण्यांचा स्क्रब ओल्या चेहऱ्यावर बोटांच्या पेरांनी फिरवला, धुतला, आरसा हातात दिला. आत्यांनी गालावरून हात फिरवला. खूश झालेल्या दिसल्या. पण उठताना बोलल्याच, "बरं झालंय गो. पण काय केल्यासारखं वाटलंच नाय."

मी हे वाक्य तेव्हा टोमणा म्हणून घेतलं होतं. आता तसं घेत नाही. का, ते पुढे येईल.

धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं शिकवते. कातडीचा सगळ्यात वरचा पापुद्रा मेलेला असतो. तो आपोआप झडतो, खालून नवा येतो. झडायचा राहिला की चेहरा निस्तेज आणि खरखरीत दिसतो. आमचं काम एवढंच, की जे पडणारच आहे त्याला हलका हात लावायचा. त्याचे दोन रस्ते आहेत. एक स्क्रब, म्हणजे दाण्यांनी घासणं. दुसरा पील, म्हणजे दुधातल्या किंवा उसातल्या आम्लासारखं सौम्य आम्ल लावून पापुद्रा सैल करणं. कडक पील हे डॉक्टरांचं काम, पार्लरने त्याला हात लावू नये. कोरड्या चेहऱ्याला दाणा नको. पू धरलेल्या पुटकुळ्यांवर तर स्क्रब अजिबात नको, पू सगळीकडे पसरतो. अक्रोडाच्या कवचाचा भरडा, साखर, मीठ यांचे कोपरे धारदार असतात, ते चेहऱ्याला ओरखडे काढतात. लिंबू आणि खायचा सोडा हे स्वयंपाकघरातच राहू द्यावेत. आणि आठवड्यातून एकदा पुरे. रोज घासाल तर कातडी रडेल.

हे सगळं कुठल्याही कोर्समध्ये शिकवतात. मी शिकले तिथेही शिकवलं. पण तिथे पहिला प्रश्न विचारायला शिकवला होता, "तुमची स्किन कोरडी की तेलकट?" महाडला येऊन मी तो प्रश्न दुसऱ्या नंबरवर टाकला. माझा पहिला प्रश्न असतो, "येत्या आठवड्यात काम काय आहे?" कारण पील केल्यावर चेहरा काही दिवस उन्हाला आणि उष्णतेला फार नाजूक असतो. आणि माझ्या गिऱ्हाईक बायका उन्हातच असतात. लावणीला वाकून उभं राहिलं की ऊन वरून लागतं आणि चिखलातल्या पाण्यावरून उलटून खालूनही लागतं. काजूच्या दिवसांत कातडी भाजणारा चीक उडतो. आणि उन्हाळ्यात राब. पोलादपूरच्या डोंगरात भाताचं रोप टाकायची जमीन आधी भाजतात, पालापाचोळा, कवळं म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, शेण पसरून पेटवतात. त्या धगीपुढे बाई अर्धा दिवस उभी असते. तिला मी आदल्या दिवशी पील करून पाठवलं तर मी ब्यूटिशियन नव्हे, मी गुन्हेगार.

दुसरा नियम, कानामागची परीक्षा. कुठलंही पील आधी कानामागे थोडंसं लावायचं, एक दिवस थांबायचं, लाली आली नाही तरच चेहऱ्याला. यावर हमखास भांडण होतं. तोंडाचं करायला आलेय, कानाला काय झालंय माझ्या, असं ऐकवतात. लांबून आलेल्यांना दुसरी फेरी पडते. तरी मी हटत नाही.

माझ्या हट्टाचं मूळ माझ्या घरात आहे. मार्च महिन्यात महाडला तळ्याकाठी पुस्तिकांचे स्टॉल लागतात. बाबांचा स्टॉल असायचा आणि मी त्या टेबलाखाली वाढले. इतर मुली गोष्टीची पुस्तकं वाचत होत्या तेव्हा मी पत्रकं वाचत होते. हक्क, मागणी, निषेध हे शब्द मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. बाबा एमआयडीसीतल्या कारखान्यात होते, युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी पार्लर काढते म्हटल्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. माझी मुलगी गोरेपणा विकणार, असं त्यांना वाटलं. मी सांगितलं, माझ्या दुकानात तो शब्दच असणार नाही. आजही नाही. एजंट येतात, व्हाइटनिंग किट दाखवतात, मी चहा पाजून परत पाठवते. भिंतीवरचं पत्रक मात्र बाबांनीच तपासून दिलं. माझ्या कच्च्या मसुद्यात दहा मागण्या होत्या. त्यांनी नऊ खोडल्या, हळू हाताची तेवढी ठेवली. पत्रकात मागणी एकच ठेवायची, म्हणाले, दहा मागितल्यास की समोरचा त्यातली सगळ्यात फालतू देऊन मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. माझ्या आजीने ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलंय. ज्या घरांतून ते ओतलं गेलं त्याच घरांच्या सुना आणि नाती आज माझ्या खुर्चीत मान मागे टाकून, गळा उघडा ठेवून, डोळे मिटून पडतात आणि आपला चेहरा माझ्या हातात देतात. या कामाचा मला गर्व आहे तो इथून आहे. अजूनही काही जणी आल्या आल्या आडनाव विचारतात. मी स्पष्ट सांगते. काही जातात. बऱ्याच जणी थांबतात, कारण भुवया कोरायला माझ्यासारखा हात तालुक्यात दुसरा नाही, हे मी नम्रतेने अजिबात सांगत नाहीये.

यंदा मार्च संपताना पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणची योगिता आली, सोबत तिची आई. आईने दारातच विचारलं, "आडनाव काय गो तुझं?" मी सांगितलं. ती आत आली, पण बाकाच्या टोकावर, पदर सावरून बसली. मी चहा मागवला तर उपास हाय म्हणाली. त्याच दिवशी मी तिला स्टँडवर वडापाव खाताना पाहिलं, तो भाग वेगळा.

योगिताला घाटापलीकडे एका हॉटेलात रिसेप्शनची नोकरी लागली होती. बारावी झालेली, बोलायला चुणचुणीत, मुंबईला मामाकडे राहून हिंदीही चांगलं. उन्हाळी सीझनला हजर व्हायचं होतं. तिथल्या मॅनेजर बाई मुलाखतीत सगळं आवडलं म्हणाल्या आणि शेवटी पुस्ती जोडली, थोडा चेहरा उजळून या. म्हणून योगिताला पील हवं होतं. मोठं, सगळ्यात वरच्या दराचं. घरात पगारावर जाणारं पहिलंच माणूस होती ती. ही नोकरी गेली असती तर तिचं लग्न उरकायला सगळे टपलेले होते, हे तिनेच नंतर सांगितलं.

मी दिव्याखाली चेहरा पाहिला. लांबून गोरा, जवळून लालसर. गालावर बारीक लाल शिरा, तोंडाभोवती पुरळ, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी तकतकीत. विचारलं, काय लावतेस? काही नाही म्हणाली. आई मध्ये पडली, "काय नाय लावलंन तिनं. हळद नि साय. परवा राब भाजायला व्हती, धग लागली तिला. मग मीच बोलले, जाळीनं घासून काढ."

राबाची धग आणि वर घोसाळ्याची जाळी. माझ्या दोन्ही शत्रूंनी हातमिळवणी केली होती. पण पुरळ तेवढ्याने येत नाही. मी परीक्षेसाठी तिचे केस बाजूला केले आणि कानाची पाळी पुढे वळवली. कानामागे तिचा खरा रंग होता. गव्हाळ, निरोगी, धडधाकट कातडी. आणि जबड्याच्या कडेला एक रेघ होती, जिथपर्यंत बोट पोचत होतं तिथपर्यंतची. कानामागची कातडी खोटं बोलत नाही, कारण तिथे कोणी क्रीम लावत नाही.

मी ती रेघ तिला दोन आरसे धरून दाखवली. तिने पर्समधून एक पांढरी डबी काढली. लेबल नाही, कंपनी नाही. मिक्स क्रीम. मामीने मुंबईहून आणलेली. वाडीतल्या चार-पाच पोरी त्याच डबीतून बोट घालत होत्या. असल्या डब्यांत स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, सगळे विचारतात काय लावलंस, आणि मग कातडी पातळ होत जाते. सोडलं की आग होते, पुरळ येतं, म्हणून पुन्हा लावायचं. त्या कातडीवर मी पील लावलं असतं तर भाजलीच असती.

मी नाही म्हटलं. आणि नाही म्हणून थांबले असते तर मी बाबांची मुलगी कसली. मी सुरू झाले. रंगाचा बाजार, बाईच्या चेहऱ्यावर चालणारी दुकानदारी, आपल्या मातीचा रंग. लहानपणापासूनच्या पत्रकांतलं सगळं तोंडपाठ होतंच. योगिता ऐकून घेत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "ताई, सगळं खरं. पण ह्यानं माझी नोकरी राहील काय?"

आयुष्यात पहिल्यांदा एखादं पत्रक माझ्या हातात गार पडलं.

मी पार्लर बंद केलं आणि दोघींना घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डबी पाहिली, मान हलवली. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. एकदम सोडायचं नाही, हळूहळू सोडवायचं, त्यासाठी औषधं. आधी चेहरा बिघडेल, मग सुधारेल. काही महिने घासणं नाही, पील नाही, राबापुढे उभं राहणं नाही. आईने विचारलं, म्हणजे हजर व्हायच्या टायमाला तोंड आणखी खराब असणार? डॉक्टर हो म्हणाले. बाहेर आल्यावर पायरीवर बसून योगिता रडली. आई तिच्याकडे न बघता मला म्हणाली, "तुज्याकडं आलोच नसतो तर बरं झालं असतं." मी ऐकून घेतलं. दुसरीकडे गेल्या असत्या तर तासाभरात मनासारखं करून मिळालं असतं, आणि आठवड्यात काय झालं असतं ते तिला ठाऊक नव्हतं.

हजर व्हायच्या दिवशी मी योगितासोबत गेले. माझी योजना साधी होती. मॅनेजर बाईंना खडसवायचं. आंबेनळी घाटाच्या वळणांवर मी मनात भाषण जुळवत होते. योगिता ओढणीने तोंड झाकून खिडकीशी बसली होती. गालावर पुरळाचं जाळं आलं होतं. घाट अर्धा झाल्यावर तिने विचारलं, काय बोलणार आहेस? मी मुद्दे सांगितले. आठ-नऊ होते. ती म्हणाली, "एवढं नको. तू बोलूच नको. मी बोलते. मला एकच मागायचंय." बाबांना ती भेटलेलीही नव्हती.

ऑफिसात ती ओढणी काढूनच उभी राहिली. मॅनेजर बाई चाळिशीच्या, नीटनेटक्या, चेहऱ्यावर मेकअपचा जाड थर. त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. योगिताने शांतपणे सांगितलं, "मॅडम, मी उजळायची क्रीम लावत होते. त्यानं हे झालंय. औषध चालू हाय. मला काउंटर नको, बुकिंगच्या फोनवर बसवा. फोनवर चेहरा दिसत नाय. काम आवडलं नाही तर मी स्वतः जाईन."

मी तोंड दाबून उभी होते. इतका त्रास मला उपोषणातही झाला नसता.

बाईंनी क्रीम कसली, किती दिवस, असं विचारलं. योगिताने मग कानामागची गोष्ट सांगितली, दोन आरसे, रेघ, सगळं. बाईंचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला आणि तिथले केस पुढे ओढून परत आला. फोनवर बस, उद्यापासून, एवढंच बोलल्या. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत माझ्यामागे आल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, ते महाडचे डॉक्टर रविवारी असतात का. मी वार सांगितले. माझं भाषण होतं तसं घरी परत आलं. बाबांना सगळं सांगितलं तर ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, त्या मुलीला आपल्या स्टॉलवर बसव.

सगळ्याच लढाया अशा जिंकल्या नाहीत. त्याच डबीतलं क्रीम लावणाऱ्या दुसऱ्या एका मुलीने ऐकलं नाही. तिच्या आईने मला फोनवर सुनावलं, की तुमच्यासारख्यांना आमच्या पोरींचं चांगलं बघवत नाय. तुमच्यासारख्या म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. त्या मुलीच्या गालावर आता काळे डाग बसलेत. मी कुडपणला जाऊन वाडीत बायकांची बैठक घेतली, डब्या गोळा केल्या, पण ती मुलगी दारातूनच परत गेली. तिचा चेहरा मला कधी कधी आरशात माझ्या मागे दिसतो.

योगिता पावसाळाभर फोनवर होती. आवाजावरच लोक खोल्या वाढवून घ्यायचे, असं ती सांगते आणि मला ते खरं वाटतं. चेहरा हळूहळू आपल्या मूळ रंगावर आला, कानामागच्या. गणपतीनंतर तिला काउंटरवर उभं केलं. उजळून ये असं कोणी म्हटलं नाही.

मागच्या आठवड्यात ती आली. डॉक्टरांनी आता परवानगी दिली होती, म्हणून दिवाळीआधी साधा स्क्रब करायचा होता. आई सोबत होतीच. बाकाच्या टोकावर नव्हे, या वेळी मधोमध बसली आणि चहा मी विचारायच्या आत मागितला. स्क्रबला एरवी लागत नाही, पण तिची कातडी नुकतीच सावरलेली, म्हणून मी कानामागे लावून आदल्या दिवशीच पाहिलं होतं. योगिताचं हळू हाताने उरकलं. चेहरा धुऊन ती उठली, आरशात पाहिलं, हसली. मग आईकडे वळून म्हणाली, "आये, बस."

आई नाय नाय करत बसली. मान मागे टाकली. उन्हाने रापलेला, भाजणीच्या धगीने करपलेला, वर्षानुवर्षं जाळीने घासलेला चेहरा. मी येत्या आठवड्यातलं काम विचारलं. भात झोडायचंय म्हणाली, पण घरच्याच अंगणात, वर मांडव हाय. ठीक, म्हटलं, पील नाही, फक्त स्क्रब, तोही नावाला. गार पाण्याने चेहरा ओला केला. मी वाटच बघत होते, की आता ही म्हणणार, जोरात घास.

ती म्हणाली नाही. डोळे मिटले. मी कपाळापासून सुरुवात केली, पेरांनी, गोल, जितकं हलकं मला येतं तितकं. गालावरून हनुवटीवर आले. बऱ्याच वेळाने तिने डोळे न उघडता विचारलं, "लावलास काय गो हात? कळत पण नाय."

"लावलाय, मावशी."

"मग ऱ्हाऊ दे अजून थोडा," ती म्हणाली.